राखणीचा निधी : नगरवृक्षांच्या जोपासनेचा इतिहास आणि शिरपूरचा प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

झाडे लावल्याच्या नोंदी इतिहासात पुष्कळ सापडतात. लावलेले झाड कोणी, किती वर्षे आणि कोणत्या पैशातून राखले, याच्या नोंदी मात्र फार थोड्या. राजे, सावकार, धर्मशील स्त्रिया, इंग्रजी अमदानीतील अधिकारी आणि स्वातंत्र्योत्तर काळातील मंत्री या साऱ्यांच्या नावावर वृक्षारोपण जमा आहे. याचे कारण उघड आहे. लावणे ही एका दिवसाची क्रिया होय. तिला एक निश्चित कर्ता असतो आणि एक निश्चित तिथी असते. राखणे ही क्रिया पिढ्यानुपिढ्या चालते. तिचा कर्ता बदलत राहतो आणि म्हणूनच तो बहुधा अनामिक असतो. नगरातील वृक्षांच्या दीर्घकालीन जोपासनेचा इतिहास लिहावयाचा तर या दुसऱ्या क्रियेचा माग घ्यावा लागतो, आणि तो आरोपणाच्या समारंभांपेक्षा दानलेखांत, सनदांत आणि नगरपालिकांच्या जमाखर्चात अधिक सापडतो.

हा प्रश्न येथे शिरपूरच्या निमित्ताने मांडला आहे. धुळ्याच्या उत्तरेस सुमारे ५० किलोमीटरांवर, अरुणावती नदीच्या काठी वसलेले हे गाव जुन्या मुंबई-आग्रा मार्गावरचे. दक्षिणेस तापीचे गाळाचे मैदान, उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, अशी तालुक्याची रचना. पाऊस बेताचा आणि वैशाखाचे ऊन कडक. पारा ४० अंशांच्या वर जाणे ही येथे नित्याची गोष्ट. अशा हवामानात रस्त्याकडेचा निंब किंवा पारावरचा वड ही शोभेची वस्तू नव्हे, तर उन्हात काम करणाऱ्या माणसाचा आसरा होय. १९०१ च्या जनगणनेत ९ हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या या गावाची लोकसंख्या २०११ मध्ये ७६ हजारांच्या पुढे गेली. वस्ती वाढली की सावलीची गरज वाढते. पण रस्ते रुंद होतात, गटारे बांधली जातात, तारा ओढल्या जातात, आणि सावलीची जागा आक्रसत जाते. ही गरज आणि ही जागा यांचा मेळ कोण घालणार व त्याचा खर्च कोठून निघणार, हा येथील मूळ प्रश्न होय.

झाड आणि वस्ती यांचे नाते खानदेशच्या स्थलनामांतच नोंदलेले आहे. ‘नगर’ या शब्दापासून प्राकृतद्वारा सिद्ध झालेला ‘-नेर’ हा उत्तरपद या प्रदेशात विपुल आढळतो. साक्री तालुक्यातील पिंपळनेर आणि शिरपूर तालुक्यातील पळासनेर ही नावे पाहिली, तर वस्तीची ओळख झाडावरून पटत असे, हे ध्यानात येते. झाड ओळखीची खूण होण्यासाठी ते माणसाच्या आयुष्यापेक्षा अधिक काळ एका जागी उभे राहावे लागते. असे दीर्घायुष्य ज्या व्यवस्थेने दिले, ती व्यवस्था कोणती हे पाहणे अगत्याचे आहे.

२. शिलालेखांची साक्ष

महाराष्ट्रातील सर्वांत जुनी संबद्ध साक्ष सातवाहन-क्षत्रप काळातील लेण्यांत मिळते. जुन्नरच्या एका लेखात कोणाचिक येथील श्रेणीशी संबंधित अडुथुम नावाच्या शक उपासकाचे दान नोंदलेले आहे. एका ठिकाणची २० निवर्तने आणि दुसऱ्या ठिकाणची ९ निवर्तने, असे ते भूमिदान. पहिल्या भूमीच्या संदर्भात करंजाचा आणि दुसरीच्या संदर्भात वडाचा उल्लेख येतो. दोन्हीकडे वृक्षनामाला ‘मूल’ हा शब्द जोडलेला आहे. काही अभ्यासकांनी याचा अर्थ ‘करंज व वड लावण्यासाठी’ असा घेतला. तो अर्थ स्वीकारला, तर वृक्षांसाठी राखून ठेवलेल्या उत्पन्नाची ही महाराष्ट्रातील अतिप्राचीन नोंद ठरते.

तथापि भाषेच्या दृष्टीने या अर्थावर एक आक्षेप संभवतो. वडाच्या उल्लेखातील पद सप्तम्यंत वाचले जाते. ‘वडाच्या मुळाशी’, म्हणजे वडाजवळ असलेले शेत, असा त्याचा सरळ अर्थ होऊ शकतो. मग झाड हे दानाचे प्रयोजन राहत नाही, ते केवळ शेताची खूण ठरते. दोन अर्थांतील अंतर थोडे नाही. एकात वृक्षासाठी भूमी आहे, दुसऱ्यात भूमीसाठी वृक्ष आहे. व्याकरण दुसऱ्या अर्थाकडे झुकते, हे मान्य केले पाहिजे. परंतु दुसरा अर्थ घेतला तरी एक गोष्ट शिल्लक राहते: दान चिरंतन राहावे अशी दात्याची अपेक्षा असताना त्याने त्याची खूण म्हणून झाड निवडले. ते झाड टिकेल, असा त्या समाजाचा भरवसा होता.

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील उषवदाताचे लेख या बाबतीत अधिक स्पष्ट आहेत. क्षत्रप नहपानाच्या या जावयाने एका लेखात ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी स्थापिल्याचे नोंदविले आहे. अक्षयनीवी म्हणजे जिचे मुद्दल कधी मोडावयाचे नाही आणि केवळ व्याजच खर्चावयाचे, अशी ठेव. तीपैकी २,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ या दराने आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या दराने ठेवले होते. पहिल्या रकमेच्या व्याजातून २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी मिळावयाचे होते. हिशेब करून पाहिला तर २,००० वर वर्षाचे व्याज २४० होते आणि २० भिक्षूंचे १२ प्रमाणे २४० च होतात. याचा अर्थ असा, की आधी रक्कम ठरली आणि मग तिचा विनियोग शोधला, असे झालेले नाही. आधी वार्षिक गरज ठरली, मग दर पाहिला आणि त्यावरून मुद्दल काढले. दीर्घकालीन नियोजनाचे याहून नेमके प्राचीन उदाहरण सांगणे कठीण आहे.

याच लेखात ८,००० नारळीच्या झाडांचे दानही नमूद आहे. आणि झाडांची मोजणी येथेही ‘मूल’ या शब्दानेच केली आहे. शिवाय हे सारे दान निगमसभेत जाहीर करण्यात आले आणि फलकावर नोंदविण्यात आले, असे लेख सांगतो. निगमसभा म्हणजे नगराची सभा. दात्याचे धन, श्रेणीची जबाबदारी आणि नगरसभेची नोंद, अशी ही तिहेरी व्यवस्था होती. दाता गेला तरी श्रेणी राहील, आणि श्रेणी चुकली तर नोंद राहील, असा तिचा रोख दिसतो.

येथे एक भेद विसरता येत नाही. उषवदाताची नारळीची झाडे हे उत्पन्नाचे साधन होते. ती फळ देत आणि फळातून स्वतःचा खर्च भागवीत. नगरातील सावलीचे झाड रोकड उत्पन्न देत नाही. ते जे देते ते सर्वांना देते, म्हणून त्याचे मोल कोणा एकाकडून वसूल करता येत नाही. फळझाड स्वतःच नीवी असते, सावलीच्या झाडाला नीवी बाहेरून पुरवावी लागते. नगरवृक्षांच्या अर्थव्यवहारातील सारी अडचण या एका भेदात सामावलेली आहे.

३. मराठी दप्तर : हक्क आणि मुदत

मराठी अमदानीतील इनामपत्रांत जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप असा ठरीव शब्दक्रम येतो. गाव इनाम देताना या सर्वांसह ते दिले जाई. तरु आणि काष्ठ ही येथे दोन वेगळी पदे आहेत, हे लक्षणीय होय. उभे झाड आणि तोडलेले लाकूड या दोन स्वतंत्र मालमत्ता मानल्या जात. त्याच क्रमातील ‘निधी’ म्हणजे जमिनीत पुरलेले धन, आणि ‘निक्षेप’ म्हणजे ठेव. आज ‘वृक्ष निधी’ असा शब्द कायद्यात रूढ आहे. त्यातील निधी हा भूमीतून अवचित सापडणारा ठेवा नसून दरवर्षी जमा करावयाचा पैसा आहे. शब्द तोच राहिला आणि अर्थ पालटला. पण व्यवहारात जुना अर्थ अजून पुरता गेलेला नाही. अनुदान केव्हातरी सापडेल, मग झाडांचे पाहू, ही वृत्ती पुरलेल्या धनाची वाट पाहणाऱ्याचीच होय.

इनामपत्राने झाडावरचा हक्क दिला, कर्तव्य सांगितले नाही. कर्तव्याचा विचार रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास रचलेल्या आज्ञापत्रात आढळतो. आरमारासाठी लाकूड हवे असताना रयतेच्या आंबा-फणसांना हात लावू नये, ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती दीर्घकाळ जतन करून वाढविलेली असतात. अगदी जीर्ण झाड घ्यावयाचेच असेल तर धन्यास राजी करून व द्रव्य देऊन घ्यावे, असा त्या आदेशाचा आशय आहे. यात झाडाची किंमत त्याच्या लाकडावरून ठरविलेली नसून त्यास लागलेल्या काळावरून ठरविली आहे. झाड तोडणे म्हणजे कोणाचे तरी कष्ट आणि वर्षे नष्ट करणे, हे तत्त्व येथे शासनाच्या भाषेत प्रकट झाले. हेच तत्त्व महाराष्ट्राच्या कायद्यात शिरण्यास मात्र तीन शतके लागली.

गावठाणातील वड-पिंपळांना या काळात दुसरे एक संरक्षण होते. झाडाभोवती पार बांधला, त्यावर देव बसविला, की ते झाड तोडण्यास कोणी धजत नसे. पार हे धर्मकृत्य तर होतेच. पण त्याने मुळांभोवतीची माती राखली जाई आणि गुरांपासून बुंधा वाचे. आज बुंध्यापर्यंत येऊन भिडलेला सिमेंटचा रस्ता पाहिला, म्हणजे या जुन्या रचनेचे मोल कळते.

४. नगरपालिका : ऐच्छिक कर्तव्य

इंग्रजी अमदानीत वृक्षांची जबाबदारी दोन खात्यांत विभागली गेली. वनांचा कारभार १८७८ च्या भारतीय वन कायद्याने वनखात्याकडे गेला आणि मराठीत ‘राखीव वन’ हा शब्द रूढ झाला. ‘रक्ष्’ धातूपासून आलेल्या ‘राखणे’ या क्रियेला येथे निराळी छटा प्राप्त झाली. वन राखणे म्हणजे माणसांना त्यापासून दूर ठेवणे, असा तिचा अर्थ झाला. नगरात हा अर्थ निरुपयोगी आहे. नगरवृक्ष माणसांच्या गर्दीतच उभा असतो. त्यास राखणे म्हणजे त्याला पाणी घालणे, त्याच्या मुळांना जागा देणे आणि त्याची छाटणी जाणत्या हाताने करणे.

हे काम नगरपालिकांकडे आले. शिरपूरची नगरपालिका १८७० मध्ये स्थापन झाली आणि पुढे पाचच वर्षांत, १८७५ मध्ये, गावाला पुराचा मोठा तडाखा बसला. अशा लहान नगरपालिकांचे उत्पन्न तुटपुंजे आणि पाणी, सफाई, दिवाबत्ती, रस्ते या गरजा तातडीच्या. मुंबई इलाख्याच्या १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्याने कर्तव्यांचे आवश्यक आणि ऐच्छिक असे दोन वर्ग केले. रस्त्याकडेची व इतर झाडे लावणे आणि राखणे हे काम ऐच्छिक वर्गात पडले. या वर्गीकरणाचा परिणाम दूरवर पोहोचला. ज्या वर्षी पैसा उरेल त्या वर्षी झाडे लावावीत, न उरेल त्या वर्षी लावू नयेत, हे एकवेळ चालेल. पण ज्या वर्षी पैसा उरणार नाही त्या वर्षी लावलेल्या झाडांना पाणीही घालू नये, हे चालणार नाही. कायद्याने लावणे आणि राखणे या दोन्ही क्रिया एकाच कलमात गोवून दोन्ही ऐच्छिक केल्या, हा त्यातील दोष होय.

याच सुमारास अन्यत्र वेगळा विचार झाला होता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १८९९ मध्ये प्रत्येक गावाला एक वृक्षरक्षक नेमणे बंधनकारक केले. तेथे आरोपण गावाच्या इच्छेवर राहिले असेल, पण उभ्या झाडांना एक जबाबदार माणूस असलाच पाहिजे, हे ठरून गेले. आपल्याकडे या तत्त्वाला कायद्याचे रूप येण्यास आणखी पाऊण शतक जावे लागले.

५. १९७५ चा अधिनियम आणि पुढील काळ

महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ याने प्रत्येक नागरी क्षेत्रात वृक्ष प्राधिकरण, वृक्ष अधिकारी, वृक्ष उपकर आणि वृक्ष निधी यांची तरतूद केली. पुढे दर पाच वर्षांनी वृक्षगणना करण्याचे कर्तव्यही प्राधिकरणावर आले. उषवदाताच्या तिहेरी व्यवस्थेशी याची तुलना उद्बोधक ठरते. दात्याच्या जागी करदाता, श्रेणीच्या जागी प्राधिकरण आणि निगमसभेच्या फलकाच्या जागी वृक्षगणनेची नोंदवही आली. अभाव राहिला तो अक्षयनीवीचा. उपकर दरवर्षी येतो आणि दरवर्षी खर्चिला जातो; न मोडावयाचे मुद्दल असे काही त्यातून उभे राहत नाही.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली आणि तिच्या आठव्या क्रमांकावर नागरी वनीकरण व पर्यावरणाचे रक्षण हा विषय घातला. कर्तव्याची कक्षा रुंदावली. परंतु १९९९ मध्ये राज्यातील नगरपरिषदांची जकात रद्द झाली आणि त्यांचे स्वतःचे एक मोठे उत्पन्न गेले. अनुदानावरील अवलंबित्व वाढले. अनुदानाचा स्वभाव निराळा असतो. १५ व्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी लहान शहरांना दिलेल्या अनुदानापैकी ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांस बांधलेला होता, आणि उरलेला मोकळा भाग वेतन व आस्थापनेवर खर्चण्यास मनाई होती. झाडे राखण्याचा खर्च पाहिला तर तो बहुतांशी माळ्याच्या मजुरीचा आणि पाण्याच्या टँकरचा असतो. खड्डे, रोपे आणि लोखंडी पिंजरे यांना पैसा मिळतो. माळ्याला मिळत नाही.

राज्याच्या वृक्षलागवड मोहिमांत हेच दिसून येते. २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी, असे लागवडीचे संकल्प सोडले गेले. संकल्पाचे एकक ‘लावलेले रोप’ हे होते. पाच वर्षांनी उभे असलेले झाड हे नव्हते. केंद्र शासनाने २०२० मध्ये पुण्याजवळील वारजे येथील वनाचा आदर्श पुढे ठेवून नगरवन योजना जाहीर केली आणि हेक्टरी ४ लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. योजना स्तुत्य असली तरी तीही मुख्यतः उभारणीची होती.

या पार्श्वभूमीवर १९७५ च्या अधिनियमात २०२१ मध्ये झालेली दुरुस्ती महत्त्वाची ठरते. ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडास प्राचीन वृक्षाचा दर्जा मिळाला. तोडावयाच्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावण्याचे बंधन आले, आणि ती सात वर्षे जोपासण्याची अट पडली. झाडाचे मोल त्याला लागलेल्या काळावरून ठरवावे, हे आज्ञापत्रातील तत्त्व येथे प्रथमच अंकांत उतरले. किंबहुना ‘सात वर्षे’ या दोन शब्दांनी राखणे ही क्रिया कायद्याने मोजता येण्याजोगी केली.

६. शिरपूरचा हिशेब

शिरपूरसारख्या गावी या साऱ्याचा अर्थ काय होतो, ते एका गृहीत उदाहरणाने पाहता येईल. नगरात १,००० रोपे लावली, असे मानावे. माघापासून मृगापर्यंत सुमारे २० आठवडे त्यांना आठवड्यातून दोनदा, दर वेळी २० लिटर पाणी द्यावयाचे, तर एका उन्हाळ्याला ८ लाख लिटर पाणी लागते. म्हणजे ५,००० लिटरचे १६० टँकर. पहिले तीन उन्हाळे याप्रमाणे काढावे लागतात. यापैकी एक उन्हाळा चुकला तर आधीचा सर्व खर्च वाया जातो. लागवडीचा खर्च अपुरा पडला तर झाडे कमी लागतात. राखणीचा खर्च अपुरा पडला तर एकही उरत नाही. म्हणून अंदाजपत्रकात राखणीची रक्कम आधी मांडावी आणि तीत जितकी झाडे बसतील तितकीच लावावीत, हा क्रम अपरिहार्य ठरतो. उषवदाताने २४० वरून २,००० काढले, ते याच क्रमाने.

पाण्याच्या बाबतीत शिरपूर तालुक्याची परिस्थिती खानदेशातील इतर अनेक गावांहून निराळी आहे. भूजलतज्ज्ञ सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली आणि अमरीशभाई पटेल यांच्या पुढाकाराने २००४ पासून येथे नाले रुंद व खोल करून त्यांवर साखळीने सिमेंटचे बंधारे बांधण्यात आले. वाहून जाणारे पाणी जमिनीत मुरविण्याची ही पद्धत ‘शिरपूर पॅटर्न’ या नावाने राज्यभर परिचित झाली. तिचा पैसा आरंभी केवळ शासनाकडून आला नाही. स्थानिक सहकारी सूतगिरणीने त्यास हातभार लावला. विणकरांच्या श्रेणीकडे ठेवलेली नीवी आणि सूतगिरणीने उचललेला जलसंधारणाचा भार यांत अठरा-एकोणीस शतकांचे अंतर आहे. पण स्थानिक व्यवसायसंस्थेने सार्वजनिक कामाची जबाबदारी घ्यावी, ही कल्पना दोहोंत समान आहे. जे पाण्यासाठी घडले ते झाडांसाठी घडू नये, असे मानण्यास कारण नाही.

तथापि झाडांच्या बाबतीत काळाचे माप अधिक लांब आहे. बंधाऱ्याचा लाभ पुढल्या पावसाळ्यानंतर दिसतो. वडाचा लाभ लावणाऱ्याच्या नातवाला मिळतो. म्हणून येथे चालू देणग्यांपेक्षा न मोडावयाच्या मुद्दलाची आवश्यकता अधिक. उदाहरणार्थ, राखणीची वार्षिक गरज १० लाख रुपये धरली आणि महागाई वजा जाता ठेवीवर शेकडा ४ इतके खरे उत्पन्न मिळेल असे मानले, तर अडीच कोटींचे मुद्दल लागते. ही रक्कम एका वर्षात उभी राहणार नाही. परंतु वृक्ष निधीचा एक ठराविक अंश दरवर्षी अस्पर्श ठेवला, त्यात वृक्षतोडीच्या भरपाईची व देणगीची रक्कम घातली, तर एका पिढीत ती उभी राहू शकते. तोवर माळ्यांची मजुरी आवश्यक खर्चात धरणे, हाच मार्ग उरतो.

निधीइतकीच निवडही महत्त्वाची. लवकर वाढतो म्हणून गुलमोहर आणि सहज जगतो म्हणून निंब, अशा एक-दोन जातींवर भिस्त ठेवली, तर एखाद्या रोगाने सारी रांग एकदम जाण्याचा धोका राहतो. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँक सँटामूर यांनी १९९० मध्ये यासाठी एक साधा दंडक सुचविला: नगरात एका जातीची झाडे शेकडा १० हून, एका प्रजातीची २० हून आणि एका कुळाची ३० हून अधिक असू नयेत. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या गावाला अंजन, करंज, चिंच, पिंपळ, वड, पळस अशा देशी झाडांची वाण नाही. कोणत्या जातीची, कोणत्या वयाची, किती झाडे उभी आहेत हे वृक्षगणनेतून कळते. म्हणून गणना ही नियोजनाची पहिली पायरी होय.

७. उपसंहार

या आढाव्यातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, महाराष्ट्रात झाडांच्या जोपासनेची कल्पना नवी नाही. दान, हक्क, कर्तव्य आणि कर अशी तिची रूपे बदलत गेली. दुसरी, ज्या ज्या वेळी लावणे आणि राखणे या दोन क्रिया एकाच खर्चात धरल्या गेल्या, त्या त्या वेळी राखणे मागे पडले. तिसरी, राखणीसाठी मुद्दल, जबाबदार संस्था आणि जाहीर नोंद या तिन्हींची एकत्र गरज असते. यांपैकी दोन असून भागत नाही. १९७५ च्या अधिनियमाने संस्था आणि नोंद दिली, मुद्दलाची तरतूद अद्याप व्हावयाची आहे.

जुन्नरच्या लेखातील वड दानासाठी होता की दान वडासाठी होते, याचा निर्णय व्याकरणाच्या आधारे पूर्णपणे होईलच असे नाही. परंतु आजच्या नगराला हा संदेह परवडणारा नाही. अंदाजपत्रकात झाड ही रस्त्याच्या कामाची एक बाब आहे, की झाडासाठी वेगळी तरतूद आहे, याचे उत्तर एका आकड्यात देता येते. शिरपूरच्या आणखी पन्नास वर्षांनंतरच्या उन्हाळ्यात कोणाला कोठे सावली मिळेल, हे त्या आकड्यावर अवलंबून आहे.